पंख वाळवले का?

खलिफा सिटी, अबू धाबी
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

प्रिय स्टॅनली,

सप्रेम जय येशू. नवं वर्ष तुला आणि भुईगावच्या घरी सगळ्यांना सुखाचं जावो.

पाकिटावरचं अक्षर बघून उघडू की चुलीत घालू, असं तुला झालं असेल. अकरा वर्षं काही थोडी नाहीत. उघडलंस ते बरं केलंस. व्हॉट्सॲपवर तू आम्हाला ब्लॉक केलंयस, हे करेनने शोधून काढलं, म्हणून हा जुना रस्ता. पत्र मुनीरच्या हाती देतेय. आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, मूळचा श्रीवर्धनचा, विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्याची सासुरवाडी नालासोपाऱ्याला, म्हणजे तुझ्या दारातच. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस. आगाशीची सुकेळी मिळाली तर बघ, लॉरेन्स अजून त्यांची आठवण काढतो.

आमच्याकडचं सांगते. करेन एअरलाइनच्या ऑफिसात आहे. लग्नाचं नाव काढलं की "मम, प्लीज" म्हणते आणि खोलीत जाते. आम्ही दोघं आता तिच्याच व्हिसावर. तिचा व्हिसा काढायला लॉरेन्स पहाटेपासून रांगेत उभा राहायचा, आता तीच आमची स्पॉन्सर! मी दोन वर्षांपूर्वी हॉटेल सोडलं. सत्तावीस वर्षं लिनन सेक्शनला काढली. अजूनही कुणाकडे जेवायला गेले की मला आधी टेबलक्लॉथवरचा डाग दिसतो, मग माणसं. खोड जात नाही.

लॉरेन्स बरा आहे. म्हणजे शरीराने बरा आहे. ऑक्टोबरात कोपऱ्यावरून खुबूस, इथली रोटी, आणायला म्हणून गाडी घेऊन निघाला तो परतलाच नाही. संध्याकाळी पोलिसांचा फोन आला. घुवैफातला, पार सौदीच्या सरहद्दीवर, पेट्रोल संपलेल्या गाडीत हा शांत बसला होता. साडेतीनशे किलोमीटर! मी विचारलं, अरे कुठे निघाला होतास? तर म्हणाला, "वळायचं विसरलो." डॉक्टरांनी फोटोबिटो काढले आणि सांगितलं की सुरुवात आहे, आता गाडी बंद. पण लॉरेन्सला सांगणार कोण? "डॉक्टरने माझं डोकं बघितलं, माझे डोळे नाही बघितले," म्हणाला. चावी उशाखाली घेऊन झोपायला लागला. करेन रडली, भांडली, एकदा चावी लपवली. त्याने चार दिवस जेवणाला हात लावला नाही. माझ्या जिवाला तोच एक घोर होता, की गाडी ह्याच्या हातून कशी सोडवायची.

आणि त्यातच डिसेंबरात त्याला लून दिसला, थंड मुलखातला तो पाणपक्षी, जो इथे क्वचितच उतरतो.

तू हसलास ना? हस. तुलाच हसायचा हक्क आहे. विमानतळाच्या वाटेवर तिवरांमधली खाडी आहे, तिथे हा गुरुवारी एकटाच गेला (गाडी घेऊन, अर्थात) आणि लालबुंद होऊन परतला. "ॲना, लून! काळ्या गळ्याचा!" शनिवारी शुक्रवारचं टोळकं, आपले पक्षी बघणारे, तिथे गेलं. आता सुट्टी शनिवार-रविवार झाली तरी टोळक्याचं नाव शुक्रवारचंच आहे. त्यांना काही दिसलं नाही. कुणीतरी ग्रुपवर पाणकावळ्याचा फोटो टाकला आणि खाली हसरे चेहरे. लॉरेन्सने फोन उलटा करून ठेवला.

तुला टोळक्याचा नियम माहीत आहे. तुला नाही तर कुणाला! फोटो नसेल तर दुसरा साक्षीदार हवा, आणि दुसऱ्याने स्वतःहून पाहिलेलं हवं, पहिल्याने कानात कुजबुजायचं नाही. नियम लॉरेन्सनेच केला होता. एकट्याने पाहिलेलं म्हणजे पाहिलेलं नव्हे, हे त्याचं वाक्य. तेव्हा रविवारी रात्री जेवताना त्याने चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ॲना, तू जा. मी येत नाही. तू बघून ये आणि सांग. लून असेल तर माझं डोकं शाबूत आहे, पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. पाणकावळा असेल तर ही चावी तुझी. मला लून आणि पाणकावळ्यातला फरक कळत नसेल तर मी चालवायलाच नको."

मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं? तर म्हणाला, "म्हणूनच. आणि तू खोटं बोलत नाहीस."

एका कार्डावर त्याने मला खुणा लिहून दिल्या. ड्राफ्ट्समनचं अक्षर, अजून तसंच छापल्यासारखं. मुनीरच्या टॅक्सीतून तीन सकाळी गेले. पाणकावळा होता. पंख वाळवत बसला होता. लॉरेन्सने शब्द पाळला, चावी माझ्या हातात दिली. गाडी विकली. करेन रात्रीची झोपायला लागली.

असो. सगळं मार्गी लागलं. फक्त तो हल्ली जरा गप्प असतो. तू दोन ओळी लिहिल्यास तर त्याला बरं वाटेल. जुनं उकरून काढू नकोस, हवापाण्याचं लिही.

घरच्यांना नमस्कार.

तुझी
ॲना वहिनी


खलिफा सिटी, अबू धाबी
मंगळवार, ४ मार्च २०२५

प्रिय स्टॅनली,

जय येशू. सुकेळी मिळाली. मुनीरने वर आणून दिली, आणि सुकेळ्यांच्या पानात गुंडाळलेली तुझी चिठ्ठीही. अकरा वर्षांनी माणूस लिहितो ते एवढंच? "वहिनी, पंख वाळवताना तू स्वतः पाहिलंस?" ना नमस्कार, ना चमत्कार. खडूस तो खडूसच राहिलास.

मी मुनीरला विचारलं, स्टॅनली आणखी काही म्हणाला? तो बूट काढता काढता म्हणाला, "मला विचारलं त्यांनी, तू होतास ना बरोबर? मी म्हटलं, ते वहिनींना विचारा. मी पत्र पोचवणारा." मग माझ्याकडे न बघताच खाली गेला. तो माझं खोटं विमानाने घेऊन गेला, तुझ्या हातात दिलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही. त्याच्या जागी मी असते तर दाराबाहेरच ओरडले असते.

उद्या राखेचा बुधवार. ह्या वर्षी मुनीरचे रोजे आणि आपला उपवासकाळ एकत्र आलेत. चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत मी दोनदा उभी राहिले आणि दोनदा माझा नंबर यायच्या आधी बाहेर आले. फादरना लून म्हणजे काय, हे सांगण्यातच अर्धा तास जाईल. तुला सांगावं लागत नाही. म्हणून तुलाच सांगते.

नाही. पंख वाळवताना मी पाहिलं नाही. तो पाणकावळा नव्हता.

आता सगळं नीट लिहिते.

पहिल्या सकाळी काहीच दिसलं नाही. खाडीत पाणकावळे मात्र ढिगाने. बांधाच्या दगडांवर ओळीने बसलेले, पंख दोन्हीकडे ताणून, दोरीवर टाकलेल्या ओल्या कोटांसारखे. पाण्यात असले की नाक वर करून पोहतात, साहेबाच्या बायकोसारखे. कार्डावर लॉरेन्सने लिहिलं होतं, "पाणकावळा हनुवटी उचलतो. लूनची चोच पाण्याला समांतर, पट्टी ठेवून आखल्यासारखी, आणि टोकाला आकडा नाही." मी दुर्बिणीतून एकेकाच्या चोचीचं टोक बघत बसले. डोळ्यांतून पाणी आलं. मुनीरने थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हाला नक्की काय दिसायला पायजे?" मी पुन्हा दुर्बीण लावली. मला पाणकावळा दिसायला पाहिजे होता, स्टॅनली. मनापासून. वाटेत मी तशी प्रार्थनाही केली होती.

दुसऱ्या सकाळी एक वेगळं काहीतरी दिसलं, पण लांब, आणि लगेच बुडालं. तिसऱ्या सकाळी, बुधवारी, सात वाजून गेले होते, तो आमच्यापासून फुटबॉलच्या मैदानाएवढ्या अंतरावर वर आला. एकटाच होता. पाण्यात खोल बसलेला, पाठ जेमतेम वर. गळा पुढून पांढरा (काळा फक्त उन्हाळ्यात होतो, कार्डावर लिहिलं होतं), मान मागून राखाडी, पाठीपेक्षा फिकी. कपाळ उभं. चोच सरळ, सुरीच्या पात्यासारखी, आणि पाण्याला समांतर. आणि मागच्या बाजूला, जिथे अंग पाण्याला टेकतं तिथे, एक पांढरा डाग.

स्टॅनली, डाग ओळखणं हा माझा धंदा होता. चादरीवरचा चहा की कॉफी, हे मी दहा हातांवरून सांगायचे. तो डाग उन्हाचा नव्हता, फेसाचा नव्हता. तो वळला तरी डाग जागचा हलला नाही. मग त्याने बुडी मारली. पाणकावळा बुडताना आधी जरा उसळी घेतो. ह्याने डोकं खाली घातलं आणि नुसता गेला, पाण्यावर काही उमटलंसुद्धा नाही.

मुनीर बाजूला उभा होता. म्हणाला, "हा पाणकावळा नाय, वहिनी. आमच्या बंदरात माणसांपेक्षा पाणकावळे जास्त, मी ओळखणार नाय? तो दर दहा मिनिटांनी दगड शोधतो पंख सुकवायला. हा पाऊण तास झाला, पाण्याबाहेर आलाच नाय." मोबाइलवर फोटो काढायचा त्याने प्रयत्न केला, पण पाणी आणि एक ठिपका, बाकी काही आलं नाही.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. खरं सांगू? मला आनंद झाला. माझा नवरा बरोबर होता. ज्याला मंगळवार की बुधवार कळत नव्हतं, कालचं जेवण आठवत नव्हतं, त्याने हा ओळखला होता, एकट्याने. हे घरी जाऊन त्याला सांगायचं, ह्या विचाराने मी टॅक्सीत बसले तेव्हा हसत होते. मुनीरही हसत होता. "यल्ला वहिनी, लॉरेन्सभाईला खबर देऊ," म्हणाला.

आणि वाटेत ती केजी शाळा लागली.

हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही. करेनलाही सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात, दुपारी शाळा सुटायच्या वेळी, लॉरेन्सने त्या शाळेच्या गेटसमोर गाडी फूटपाथवर चढवली होती. मी शेजारच्या सीटवर होते. एका बाईने बाबागाडी मागे ओढली म्हणून. हातभर अंतर, जास्त नाही. ती बाई ओरडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. लॉरेन्सने आरशात बघितलं आणि मला म्हणाला, "ह्या रस्त्याला किती खड्डे झालेत!" त्याला कळलंच नाही की तो फूटपाथ होता. रात्री मी डोळे मिटले की मला ती बाबागाडी दिसायची. निळी होती.

तर बुधवारी शाळेसमोर टॅक्सी सिग्नलला थांबली. पोरं रांगेने आत जात होती. माझं हसू तिथेच गेलं. लून आहे म्हटलं की चावी त्याची. त्याचा शब्द म्हणजे शब्द, आणि माझाही.

घरी पोचलो तर तो दारात उभा. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, नाताळच्या मिस्साला निघाल्यासारखा. टेबलावर डायरी उघडी, पेन, आणि चावी. मुनीर माझ्या मागे होता. लॉरेन्सने मला बसूही दिलं नाही. "बोल."

मी म्हटलं, "पाणकावळा."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. सर्वेअरचा आकडा तपासतात तसं. "पंख वाळवले का?"

"हो," मी म्हटलं. "दगडावर बसला आणि वाळवले."

बघ, नुसतं पाणकावळा म्हणून थांबले असते तर कदाचित मला आज एवढं जड गेलं नसतं. पण मी दगड घातला, पंख घातले. साक्ष पक्की केली. मुनीर चपला न काढताच वळला आणि जिना उतरून गेला.

लॉरेन्सने चावी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वर माझी मूठ मिटवली. "थँक यू, ॲना," म्हणाला. मग डायरीतली गुरुवारची ओळ पट्टी लावून खोडली.

चावी मला हवीच होती, स्टॅनली. ते मला आजही चूक वाटत नाही. पण मी त्याच्याकडून चावी मागायला हवी होती, आणि मी त्याचे डोळे काढून घेतले. "तू बरोबर आहेस, लून आहे, आणि तरी चावी दे, मी तुझ्या पाया पडते," एवढंच म्हणायचं होतं. तो भांडला असता, पुन्हा चार दिवस जेवला नसता, करेनने पुन्हा रडारड केली असती. पण त्याचं त्याच्यापाशी राहिलं असतं. मला ते धाडस झालं नाही. सोपं होतं ते केलं.

आता पुढचं वाच. हे लिहायला मला दोन महिने लागलेत.

पहिल्यांदा त्याने खिडकीत बसणं सोडलं. मग विचारायला लागला. समोरच्या कठड्यावर साळुंकी बसली की, "ॲना, साळुंकीच ना ती?" मी म्हणायचे, अरे साळुंकीच, दुसरं काय! मग कावळा. मग कबुतर, स्टॅनली, कबुतर! जानेवारी संपता संपता पक्ष्यांवरून बाकीच्यावर आला. "हा चहाच आहे ना?" "दार मीच लावलं ना, तू बघितलंस?" करेन ऑफिसातून येऊन त्याच्या गालाला गाल लावते, आणि ती आत गेली की मला हळूच विचारतो, "करेन आली ना आत्ता? तूही पाहिलीस ना?" मी हो म्हटलं की त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरतो. नाहीतर तसाच बसून राहतो. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकतोय, हे होणारच होतं. म्हणत असतील. डिसेंबरच्या अठरा तारखेच्या आधी मात्र त्याने मला एकदाही असं विचारलं नव्हतं.

मग त्याने कपाटातून डायऱ्या काढल्या. एकतीस वर्षांच्या. मला वाटलं, चला, मन रमतंय. चार दिवसांनी जवळ जाऊन बघितलं तर हा पट्टी लावून ओळी खोडत होता. जे जे एकट्याने पाहिलं, ते सगळं. अल ऐनच्या डोंगरातलं घुबड, लिवाचा तो ससाणा, ज्याच्यासाठी तुम्ही दोघं माझ्या वाढदिवसाला गायब झाला होतात (तू गाडीत झोपला होतास, म्हणून तो एकट्याचा धरला गेला). एकेका पानावर आठ-आठ, दहा-दहा रेघा. मी हात धरला. म्हणाला, "सोड. कोण जाणे काय बघितलं होतं मी. याद्या स्वच्छ असाव्यात."

तुला माहीत आहे, त्या डायऱ्यांमध्ये तो मधूनमधून घरचंही लिहायचा, पक्ष्यांच्याच भाषेत, चेष्टेने. करेन दहा महिन्यांची असताना मी ड्यूटीवर होते आणि ती पहिलं पाऊल टाकून चालली. त्या दिवशीचं त्याने लिहिलंय, "करेन आज चालली. सोफा ते टीव्ही, तीन पावलं, मग बसली. साक्षीदार: मी एकटा. तरीही नोंद ग्राह्य." किती वेळा मोठ्याने वाचून दाखवलंय त्याने आम्हाला!

गेल्या शनिवारी त्याने ती ओळ खोडली. मी बघितली तेव्हा शाई वाळली होती.

त्या दिवशी मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. चोच, मान, पांढरा डाग, सगळं. मी खोटं बोलले म्हटलं. केजीचंही सांगितलं. तो ऐकत होता. मधे माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "ॲना, तू फार चांगली आहेस. माझं मन राखायला एवढं सगळं रचलंस. पण तो पाणकावळा होता. तूच सांगितलंस."

मी खाली जाऊन मुनीरला घेऊन आले. त्याचा पहिलाच रोजा होता. तो म्हणाला, "लॉरेन्सभाई, रोजा तोंडात आहे माझ्या, खोटं नाय बोलणार. तो पाणकावळा नव्हता." लॉरेन्स त्याला म्हणाला, "बस, मुनीर. तुला हिने पाठवलंय ना? बरा माणूस आहेस तू." आणि मला वळून, अगदी पूर्वीच्या आवाजात, यादी तपासायचा तेव्हाच्या, म्हणाला, "साक्ष बदलणारा साक्षीदार धरत नाहीत, ॲना. नियम आहे."

खलास.  

तू त्याला लिहावंस असंही मनात आलं होतं. तू त्याचा शत्रू, तू त्याचं मन राखायला काही लिहिणार नाहीस, तुझं तो खरं मानेल. पण मग कळलं की तो काय म्हणेल. "स्टॅनली तिथे नव्हता." बरोबरच आहे. तू नव्हतास. पक्षीही गेला, मी रोज सकाळी चालत जाऊन बघून येते. पाणकावळे आहेत, तो नाही. तेव्हा लॉरेन्ससाठी तुझ्याकडे मी काहीच मागत नाही. करता येण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता तुझं. त्या बुधवारी खाडीवर तो पांढरा डाग मी इतका वेळ बघत राहिले ते एकट्या लॉरेन्समुळे नाही. मी तो डाग आधी बघितला होता. अकरा वर्षांपूर्वी, खोर कल्ब्याच्या खाडीवर, तुझ्या दुर्बिणीतून. आठवतं? तू धावत गाडीकडे आलास, लॉरेन्स पार दुसऱ्या टोकाला, आणि तू दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावलीस, "वहिनी, लवकर बघ, नंतर कुणी मानणार नाही!" मी बघितलं. लॉरेन्स पोचला तेव्हा पाणी रिकामं होतं. तो तुला सगळ्यांसमोर म्हणाला, पाणकावळा असेल, फोटो नाही, साक्षीदार नाही, खोडा. तू माझ्याकडे बघितलंस. लॉरेन्स म्हणाला, "ॲनाला काय कळतं, तिला बदक आणि बगळा सारखेच." सगळे हसले. मीही हसले. डाग दिसला होता, पण तो कशाचा हे मला माहीत नव्हतं, आणि नवऱ्याला चारचौघांत खोटं कोण पाडणार? तू त्यानंतर आमच्या घरी आला नाहीस. मी मनात म्हणत राहिले, एका पक्ष्यावरून एवढा राग! एका पक्ष्यावरून नव्हता तो, हे आता कळतंय.

येशूला तीनदा नाकारणाऱ्या संत पेत्राला निदान कोंबड्याने आरवून तरी भानावर आणलं. इथे खलिफा सिटीत कोंबडा कुठला! मला अकरा वर्षं लागली.

लॉरेन्सच्या बाबतीत माझ्या शब्दाला आता किंमत नाही. पण कल्ब्याची साक्ष मला कुणी कधी विचारलीच नव्हती, त्यामुळे मी ती बदललेलीही नाही. तेवढी एक माझ्याकडे कोरी शिल्लक आहे. ती खाली लिहून देते. टोळक्याला पाठव, फाडून टाक, सुकेळी बांधायला वापर, तुझी मर्जी. लॉरेन्सला दाखवून मगच पाकीट बंद करतेय. त्याने वाचली. तारीख बरोबर आहे म्हणाला. मग मला विचारलं, "स्टॅनली म्हणजे आपला स्टॅनलीच ना?" मी हो म्हटलं.

खोर कल्बा. शुक्रवार, १७ जानेवारी २०१४, सकाळी साधारण आठ. एक पक्षी, पाण्यावर, एकटा. पाण्यात खोल बसलेला. चोच सरळ, पाण्याला समांतर. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर, पांढरा डाग. पक्षी वळला तरी डाग जागेवर. पंख वाळवले नाहीत. पहिला निरीक्षक स्टॅनली. मी त्याच्या शेजारी उभी होते, मी पाहिला, आणि मी गप्प बसले.

दुसरी साक्षीदार,
ॲना लॉरेन्स तुस्कानो